सतरा सेंटिमीटरचा दोरा

शाळेतून निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी शाल-श्रीफळाबरोबर मला वर्गातलाच जुना पृथ्वीगोल दिला. नवे गोल आले होते, हा तसाही अडगळीत जायचा होता. त्याचा व्यास ३० सेंटिमीटर. म्हणजे त्याच्यावरचा एक सेंटिमीटर हा प्रत्यक्षातले सुमारे ४२५ किलोमीटर. एकतीस वर्षं भूगोल शिकवताना एक प्रयोग मी दरवर्षी केला. शिवणाचा दोरा घ्यायचा, एक टोक मुंबईवर धरायचं, दुसरं लंडनवर, आणि ताणायचा. दोरा ताणला की तो आपोआप सर्वांत जवळची वाट धरतो. मग त्या वाटेवरची गावं मुलांनी वाचायची आणि दोरा पट्टीवर ठेवून मोजायचा. सतरा सेंटिमीटर भरतो. सुमारे ७,२०० किलोमीटर.

भिंतीवरच्या सपाट नकाशावर हीच रेघ पट्टीनं मारली तर ती इराणचं आखात, इराक, तुर्कस्तान आणि बाल्कन देश यांवरून जाते. गोलावरचा दोरा मात्र तिच्या बराच उत्तरेकडे सरकतो. काठेवाड ओलांडून तो थेट कराचीच्या अंगणात जातो, तिथून बलुचिस्तान, पूर्व इराण, कॅस्पियन समुद्राचं दक्षिण टोक, कॉकेशस, काळ्या समुद्राकाठचं सोची, ओडेसाचा आसपासचा मुलूख, पोलंडमधलं क्राकोव्ह आणि जर्मनी करत लंडनला टेकतो. मुलांना याचं नवल वाटे. ‘बाई, विमानं मग या वाटेनं जातात का?’ असं कुणीतरी विचारायचंच. त्याला मी ‘साधारण’ असं उत्तर देऊन वेळ मारून नेत असे. खरं उत्तर तासाभराचं होतं आणि तास पस्तीस मिनिटांचा.

ते उत्तर आता लिहिते आहे याला कारण घरातलं आहे. माझे थोरले बंधू, दादा, १९५८ साली बॅलार्ड पिअरवरून बोटीनं विलायतेला गेले आणि तिथलेच झाले. गेल्या मे महिन्यात पुतण्याचा फोन आला, ‘आत्या, येता येईल तेवढ्या लवकर या.’ आमच्या घरात या वाक्याचा हिशोब पूर्वी एकदा चुकला होता. तो कसा, ते पुढे येईल.

आधी विमानाची गोष्ट. लंडनहून हिंदुस्थानात नियमित हवाई टपाल आणि उतारू आणणारी पहिली सेवा ३० मार्च १९२९ रोजी सुरू झाली. ती ‘इम्पीरिअल एअरवेज’ची. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून निघायचं आणि सात दिवसांनी कराचीला उतरायचं. भाडं १३० पौंड. तेव्हाचं विमान ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास उडे, त्यामुळे इतके दिवस कशाला, हा प्रश्न रास्त आहे. कारण ती सेवा निम्मीशिम्मीच विमानाची होती. क्रॉयडनहून स्वित्झर्लंडमधल्या बाझलपर्यंत विमान. मग आल्प्स ओलांडायला रेल्वे, जिनोआपर्यंत. जिनोआहून पाण्यावर उतरणारं विमान, जे बंदरामागून बंदर घेत अलेक्झांड्रियाला पोचे. तिथून चाकांचं विमान : गाझा, इराकच्या वाळवंटातलं रुतबा, बगदाद, बसरा, मग इराणचा किनारा धरून बुशेर, लिंगे, जास्क आणि शेवटी ग्वादर, कराची. रात्री उडायचं नाही. संध्याकाळ झाली की खाली उतरून विश्रामगृहात मुक्काम. सातांतला मोठा वेळ जमिनीवरच जात असे.

वाळवंटात वाट चुकू नये म्हणून केलेली व्यवस्था मला फार आवडते. कैरो-बगदाद मार्गावर ब्रिटिश हवाई दलानं १९२१च्या सुमारास मोटारींच्या चाकोऱ्या पाडल्या आणि जिथे त्या पुसट होत्या तिथे चक्क नांगरानं तास काढला. वैमानिकानं खिडकीतून खाली पाहायचं आणि तासाच्या कडेनं उडत राहायचं. आकाशातल्या रस्त्याची पहिली खूण औतानं जमिनीवर काढलेली होती.

आणि या सगळ्या थांब्यांपैकी एकही नुसता सोयीनं निवडलेला नव्हता. इराणनं आपल्या किनाऱ्यावरून जाऊ देण्यास सुरुवातीला बरीच खळखळ केली, परवानगी दिली ती मुदतीची, आणि १९३२ साली ती संपल्यावर सगळी वाट उचलून आखाताच्या अरबी बाजूला न्यावी लागली. शारजाच्या शेखांशी करार झाला, तिथे किल्ल्यासारखं भक्कम विश्रामगृह बांधलं गेलं. आज ज्या शहरात आपल्याकडची मंडळी नोकरीला जातात, त्याची जगाशी ओळख अशी लंडन-कराची टपालाच्या निमित्तानं झाली. इटलीशीही बिनसलं, तेव्हा वाट पुन्हा बदलली. पुढे कित्येक वर्षं पॅरिस ते ब्रिंडिसी हा टप्पा उतारू आगगाडीनंच करत. म्हणजे विमान पाहिजे त्या दिशेला तोंड करू शके, पण जाई तिथेच, जिथे खालचा मालक ‘ये’ म्हणेल.

मुंबईकरांना बोचेल असा एक मुद्दा इथे येतो. बोटीच्या जमान्यात हिंदुस्थानचा दरवाजा मुंबई. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाल्यावर तर निर्विवाद. विमान आलं आणि तो मान कराचीकडे गेला. कराचीचं नशीब म्हणजे ती बरोबर दोऱ्यावर बसलेली आहे. विमानाच्याही आधी मोठाल्या वायुनौकांनी साम्राज्य जोडायचं स्वप्न इंग्रजांनी पाहिलं तेव्हाही निवड कराचीचीच झाली. तिथे वायुनौका बांधायचा उंच मनोरा आणि अवाढव्य शेड उभी राहिली. आर-१०१ ही नौका इंग्लंडहून कराचीला निघाली आणि ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळून जळाली. ४८ माणसं गेली, त्यांत खुद्द ब्रिटनचे हवाईमंत्री होते. कराचीची शेड मात्र पुढची कित्येक वर्षं रिकामी उभी होती.

मुंबई या वाटेला जोडली गेली ती १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्या दिवशी जे. आर. डी. टाटा एका इंजिनाचं ‘पस मॉथ’ विमान घेऊन सकाळी कराचीच्या द्रिघ रोडवरून निघाले, अहमदाबादला थांबले आणि दुपारी जुहूला उतरले. बरोबर टपालाची सुमारे २५ किलोची थैली. अहमदाबादला विमानात भरायचं पेट्रोल डब्यांतून बैलगाडीनं आणलेलं होतं. जुहूची धावपट्टी म्हणजे किनाऱ्यालगतचं चिखलाचं मैदान, पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, म्हणून चार महिने विमान पुण्याला येरवड्याला उतरे. लंडनचं पत्र मुंबईत आठवड्याच्या आसपास मिळू लागलं. बोटीला याहून बराच जास्त वेळ लागे.

त्याआधी दोन वर्षं, १९३० साली, याच वाटेवर एक शर्यत झाली होती. इंग्लंड ते हिंदुस्थान, कुठल्याही दिशेनं, एकट्यानं आणि महिन्याच्या आत उडणाऱ्या हिंदी माणसाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. जे. आर. डी. कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर लंडनहून. अस्पी तेव्हा सतरा वर्षांचे. इजिप्तमध्ये अबुकीरच्या तळावर दोघांची गाठ पडली तेव्हा अस्पी स्पार्क प्लगसाठी अडून बसले होते. टाटांनी आपल्याजवळचा जादा प्लग देऊन टाकला. अस्पी काही तासांनी आधी पोचले आणि जिंकले. पुढे ते भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. ही गोष्ट खिलाडूवृत्तीचा धडा म्हणून सांगतात, मला तिच्यात वेगळंच दिसतं. तेव्हा मुंबई-लंडन अंतर एका स्पार्क प्लगवर अवलंबून असे.

१९४७ साली कराची परदेशात गेली.

पुढच्या वर्षी, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी, ८ जूनला मुंबईहून लंडनला आपलं पहिलं विमान उडालं. ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’चं ‘मलबार प्रिन्सेस’, चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन, ३५ उतारू, त्यांत जे. आर. डी. स्वतः. वाट पाहा : मुंबई-कैरो-जिनिव्हा-लंडन. नवीन इंजिनांना कैरोपर्यंत एका दमात जाता येत होतं, वाटेतले बुशेर-बसरा सारे थांबे एका फटक्यात गळाले. दर मंगळवारी एक फेरी, साधारण चोवीस तासांचा प्रवास, भाडं १,७२० रुपये.

आमचे वडील, अण्णा, जनरल पोस्टात परदेशी टपालाच्या खात्यात सॉर्टर होते. त्यांचा पगार तेव्हा शंभराच्या आत होता. घरातल्या कुणीही एक दाणा न खाता दीड वर्ष काढलं असतं तर एकाला एकवार लंडनला जाता आलं असतं, परतीचं पुढे पाहू. तरी अण्णांना त्या विमानाचा विलक्षण अभिमान. मंगळवारची थैली ते स्वतः बांधत. कुठलं टपाल कुठल्या वाटेनं कितव्या दिवशी पोचतं हे त्यांना आपल्या वाढदिवसापेक्षा पक्कं ठाऊक असे. कुठलंही पत्र आलं की आधी शिक्का वाचायचा, मग पाठीवर पेन्सिलीनं आल्याची तारीख टाकायची, मग पत्र फोडायचं. आई वैतागे.

त्या ‘मलबार प्रिन्सेस’चा शेवट वाईट झाला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी कैरोहून जिनिव्हाला येताना वादळी हवेत ते आल्प्समधल्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळलं. ४८ जण होते, कुणी वाचलं नाही. उतारूंत बरेचसे खलाशी होते, विलायतेत बोटीवर रुजू व्हायला निघालेले. बोटीच्या नोकरीला विमानानं जायचे दिवस आले होते. आणि सोळा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, मुंबईहून दिल्ली, बैरूत, जिनिव्हा असं लंडनला जाणारं ‘कांचनजंगा’ हे बोइंग त्याच डोंगरावर आदळलं. ११७ माणसं गेली. डॉ. होमी भाभा त्यांत होते.

त्या विमानातलं टपाल हिमनदीत गाडलं गेलं. हिमनदी म्हणजे थांबलेला बर्फ नव्हे, ती फार सावकाश वाहते. वर पडलेली वस्तू पोटात घेते आणि खूप वर्षांनी खालच्या टोकाशी सोडते. २०१२ साली गिर्यारोहकांना परराष्ट्र मंत्रालयाची टपालाची थैली सापडली. २०२० साली बॉसाँ हिमनदीच्या वितळत्या बर्फातून त्या विमानातली वर्तमानपत्रं वर आली, इंदिरा गांधी पंतप्रधान होणार ही बातमी पहिल्या पानावर असलेली. चोपन्न वर्षांनी. अण्णा असते तर त्यांनी त्यांवरही पेन्सिलीनं तारीख टाकली असती.

‘कांचनजंगा’ हे जेट होतं, आणि वेळेच्या हिशोबात जेटचा टप्पा सर्वांत महत्त्वाचा. १९६० साली एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आली. कॉन्स्टेलेशन ताशी पाचशेच्या आतबाहेर, तर ही नऊशेच्या घरात. चोवीस तासांचा प्रवास निम्म्यावर आला. आणि गंमत अशी की तो पुढे तिथेच अडला. १९६० पासून आजवर विमानं मोठी झाली, शांत झाली, इंधन कमी पिऊ लागली, थांबे गळाले, पण वेग जागचा हलला नाही. आजचं बोइंग ७८७ ताशी नऊशेनंच उडतं. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा विरोध एकदम वाढतो, आणि तो तोडायला लागणारं इंधन तिकिटाच्या किमतीत बसत नाही. कॉन्कॉर्डनं तो तोडला आणि १९७६ मध्ये लंडनहून बहारिनपर्यंत सेवाही सुरू केली. पण ध्वनीच्या पुढच्या वेगानं गेलं की खाली दणका ऐकू जातो, त्यामुळे जमिनीवरून तसं जायला बहुतेक देश तयार नसत. मुंबई तिच्या वेळापत्रकात कधी आलीच नाही.

पोचायला किती वेळ लागेल हे मग कशावर ठरू लागलं? एक, वाऱ्यावर. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. लंडनहून मुंबईला येताना ते पाठीशी असतात, जाताना तोंडावर. म्हणून त्याच अंतराला येताना साधारण तासभर कमी लागतो. आणि दोन, खालच्या मालकावर, १९२९ सारखंच. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागोला जो आंतरराष्ट्रीय करार झाला त्याचं पहिलंच कलम सांगतं की, आपल्या भूमीवरच्या आकाशावर प्रत्येक राष्ट्राची पूर्ण आणि एकट्याची सत्ता आहे. समुद्र किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपुढे सर्वांचा, आकाश मात्र जमिनीच्या मालकाचं.

आता पुन्हा दोऱ्याकडे या. कराची, पूर्व इराण, कॅस्पियन, कॉकेशस, ओडेसा. शीतयुद्धात यातला उत्तरेकडचा मोठा तुकडा सोव्हिएत आकाशात होता, तिथे परक्यांना मोकळा संचार नव्हता. १९९१ नंतर ते आकाश बरंच उघडलं. मग जुलै २०१४ मध्ये पूर्व युक्रेनवर मलेशियाचं उतारू विमान क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं, २९८ जीव गेले. २४ फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं सगळंच आकाश बंद आहे. अलीकडच्या टोकाला पाकिस्ताननं २०१९ मध्ये बालाकोटनंतर जुलैपर्यंत आकाश बंद ठेवलं, आणि पहलगामनंतर २४ एप्रिल २०२५ पासून ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. सतरा सेंटिमीटरच्या दोऱ्याला दोन्हीकडून गाठी बसल्या.

मी या गाठींच्या आठवड्यांतच उडाले. खरं तर याचा मोठा फटका दिल्लीला, मुंबईला तितका नाही. आपल्याला अरबी समुद्र मोकळा आहे. विमान कराचीकडे न वळता समुद्रावरून ओमानच्या रोखानं निघालं. समोरच्या पडद्यावर विमानाची पिवळी रेघ सरकत होती आणि मला कळलं की ही तर मुलांनी सपाट नकाशावर पट्टीनं मारलेली चुकीची रेघ. आखात, इराक, तुर्कस्तान. दहा तासांना दहा मिनिटं कमी लागली. १९२९ साली त्या मुलखात संध्याकाळी मुक्काम पडे, आम्हाला तिथे दुपारचं जेवण वाढलं.

आता घरातला हिशोब. १९६३ च्या मार्चमध्ये अण्णा अचानक गेले, हृदयविकारानं. फोर्टातल्या तारघरातून दादांना तार केली. जेट सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. कागदावर लंडन अर्ध्या दिवसावर होतं. शेजारचे म्हणाले, थोरला मुलगा आहे, थांबू या का. आमच्या काकांनी विचारलं, कुठल्या पैशांनी येणार तो? दादा तेव्हा कारखान्यात उमेदवारी करत होते, आठवड्याच्या पगारावर. जातायेताच्या तिकिटाला त्यांचे कित्येक महिने गेले असते. अग्नी मधल्या भावानं दिला. तेराव्या दिवशी दादांचं निळं हवाईपत्र आलं. आईनं ते फोडायच्या आधी उलटं केलं आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली. मी पंधरा वर्षांची होते, मला तेव्हा रडू आलं ते त्या पेन्सिलीचं.

म्हणून या वेळी मी फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी विमानात होते. हीथ्रोला चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं तेव्हा पुतण्याचा चेहरा पाहूनच समजले. दादा दोन तासांपूर्वी गेले होते. पडद्यावर तेव्हा बहुधा युरोप होता. तिकडे अंत्यविधीची घाई नसते हेही मला तिथे कळलं, तारीख मिळाली ती दोन आठवड्यांनंतरची. इतका वेळ हाताशी ठेवून करायचं काय, तर पुतण्यानं त्यांचं कपाट माझ्यापुढे उघडं केलं.

तळाच्या खणात अण्णांची पत्रं होती, १९५८ पासूनची, साल लावून. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीनं आल्याची तारीख, दादांच्या अक्षरात. मुंबईचा शिक्का आणि ती तारीख यांतलं अंतर मी मोजत बसले. बहुतेक पाच किंवा सहा दिवस. एक चार दिवसांत पोचलेलं, त्यावर दादांनी उद्गारचिन्ह काढलं होतं.

गठ्ठ्याच्या शेवटी तार होती, तिच्यावरही तारीख, १२ मार्च. तिच्याखाली आणखी एक पत्र. अण्णांच्याच हातचं, मुंबईचा शिक्का १० मार्चचा, पाठीवर पेन्सिलीनं १५ मार्च. घरचं सगळं क्षेम लिहून अण्णांनी खाली विचारलं होतं की, तुझ्याकडे येणारी थैली हल्ली जिनिव्हावरून येते की रोमवरून, तिथल्या पोस्टात चौकशी करून कळव.